यांत्रिक बोटीचा अपघात आणि बुडणे : धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत काय करावे

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर सुट्टीच्या दिवशी बोटीची वाट पाहत उभी असलेली कुटुंबे दिसली, की माझे लक्ष सर्वांत आधी जाते ते लाइफ जॅकेटांच्या पट्ट्यांकडे. काहींचे पट्टे लोंबत असतात, काहींनी जॅकेट फोटोपुरते खांद्यावर टाकलेले असते आणि एखाद्या पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट डगल्यासारखे चढवलेले असते. मी प्रथमोपचाराचे वर्ग घेतो, आणि बुडण्याचा विषय निघाला की वर्गात हमखास पहिला प्रश्न येतो : ‘पोटातले पाणी बाहेर कसे काढायचे?’ हा प्रश्न मुळात चुकीच्या अवयवाकडे नेतो. बुडणाऱ्या माणसाचा जीव जातो तो शरीराला प्राणवायू न मिळाल्यामुळे. पोटातले पाणी हा त्यातला अगदी गौण भाग आहे. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच हिशेबाने मांडली आहे : माणसाचे नाकतोंड पाण्याच्या वर कसे राहील, आणि ते पाण्याखाली गेलेच, तर त्याला पुन्हा श्वास किती लवकर मिळेल.

जागतिक आरोग्य संघटना बुडण्याची व्याख्या करताना मृत्यूची अट घालत नाही. द्रवात पूर्ण किंवा अंशतः गेल्यामुळे श्वसनाला अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे, आणि त्या प्रक्रियेचा शेवट मृत्यूत, कायमच्या इजेत किंवा पूर्ण बरे होण्यातही होऊ शकतो. ‘वाचला, म्हणजे बुडालाच नाही’ असे समजून माणसाला तसेच घरी नेण्याची चूक या व्याख्येमुळे टळायला हवी.

यंत्रावर चालणाऱ्या बोटीत काय वेगळे घडते

वल्ह्याच्या होडीतून पडलेला माणूस बहुधा होडीच्या जवळच राहतो आणि त्याला सहसा दुसरी इजा झालेली नसते. इंजिनाच्या बोटीत वेग आणि पंखा हे दोन धोके वाढतात. वेगातल्या वळणावर बाहेर फेकला गेलेला माणूस पाण्यावर आपटतो, त्याचे डोके बोटीच्या काठावर आदळून शुद्ध हरपू शकते, मानेला इजा होऊ शकते, आणि शुद्ध हरपलेला माणूस पोहण्यात कितीही तरबेज असला तरी त्या क्षणी त्याचे पोहणे त्याच्या कामी येत नाही. पंख्याचा हिशेब तर साधा आहे. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 3200 फेरे घेत असेल, तर एका सेकंदात 160 वेळा पाते फिरून येते. पाण्यात पडलेल्या माणसाला हात मागे घेण्याइतकी उसंतही मिळत नाही.

महाराष्ट्राने अलीकडे दोन अपघात पाहिले, आणि त्यांची कारणे परस्परांहून अगदी वेगळी आहेत. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी 18 डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यात 15 जणांचा जीव गेला. पहिल्या घटनेत वारा निमित्त ठरला, दुसरीत धडक. नाशिककरांना उजनीची घटना अधिक जवळची आहे, कारण गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, वैतरणा ही आपली सगळी पाणी अशीच उघडी, रुंद आणि वाऱ्याला मोकळी आहेत. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात आणि अवकाळीचा वारा काही मिनिटांत सुटतो; सकाळी आरशासारखे स्थिर दिसलेले पाणी चार वाजता कसे असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

बोटीत पाय ठेवण्यापूर्वी

पहिली पायरी लाइफ जॅकेटची, आणि ती पाण्यात तरंगण्यापूर्वी जमिनीवरच पूर्ण झाली पाहिजे. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे ‘जॅकेट बाकाखाली ठेवले आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. जॅकेट हातात घेतले, की आधी पट्ट्याची कळ लावून ओढून पाहावी. एका धरणावर माझ्या हाती आलेल्या जॅकेटच्या कळीचा एक दात तुटलेला होता आणि त्या जागी नायलॉनच्या दोरीची गाठ मारलेली होती. आतला फोम दाबला, तेव्हा तो पुन्हा फुगला नाही आणि शिवणीतून त्याचा पिवळा चुरा बोटांना लागला. असे जॅकेट परत करून दुसरे मागावे, आणि दुसरे मिळत नसेल, तर ती फेरी सोडून द्यावी.

जॅकेट घालून सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्या माणसाला जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचलायला सांगावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकत असेल, तर ते सैल आहे किंवा मापाचे नाही. पाण्यात हेच घडते : जॅकेट वर तरंगते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. लहान मुलांच्या बाबतीत हा धोका फार मोठा असतो. त्यांना वजनाप्रमाणे मुलांचेच जॅकेट हवे, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे. मुलाला मांडीवर घेऊन एकाच मोठ्या जॅकेटमध्ये दोघांना बांधण्याचा प्रकार कधीही करू नये.

जॅकेटवर 50, 100 किंवा 150 न्यूटन असा आकडा छापलेला असतो; जॅकेट माणसाला किती जोराने वर उचलून धरते, ते त्यावरून कळते. 50 न्यूटनचे साधन शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करते, परंतु बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर धरणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी 100 किंवा त्याहून अधिक न्यूटनचे जॅकेट लागते. वेगाच्या बोटीत डोक्याला मार लागण्याची शक्यता असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

त्यानंतर बोट पाहावी. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र आवश्यक आहे. किती माणसांची परवानगी आहे, हे बोटचालकाला सरळ विचारावे आणि चढलेली डोकी स्वतः मोजावीत. लहान मुलेही मोजावीत, कारण ‘लेकरू काय, मांडीवर बसेल’ या हिशेबातच बोट क्षमतेबाहेर भरते. छत असलेल्या बोटीत शक्यतो उघड्या बाजूजवळ बसावे आणि बाहेर पडण्याची वाट बसतानाच हाताने चाचपून ठेवावी. बोट उलटून छताखाली अडकलेल्या माणसाला जॅकेट वर, म्हणजे त्याच छताकडे, ढकलत राहते. अशा वेळी एखादी स्थिर दांडी धरून तिच्या आधाराने आधी बाजूला आणि मग वर यावे लागते. साडीचा पदर खोचून घ्यावा, ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नये, बूट सैल करावेत आणि पाठीवरची बॅग उतरवून खाली ठेवावी.

बोट चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहितो. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, इंजिनाला आणि जेट स्कीला लाल गुंडाळीची दोरी असते. तिचे एक टोक इंजिन बंद करण्याच्या बटणाला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचे असते. चालक पाण्यात पडला, की दोरी निसटते आणि इंजिन बंद होते. ती दोरी बटणाजवळच गुंडाळून ठेवली, तर चालकाविना धावणारी बोट गोल गोल फिरत पुन्हा त्याच माणसावर येऊ शकते. दोरी अडकवायला पाच सेकंद लागतात.

बोट पाण्यात असताना

बोटी उलटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सगळ्यांनी एकाच बाजूला सरकणे. कोणी पक्षी दाखवतो, कोणी सूर्यास्ताचा फोटो काढायला उठतो, बाकीचे त्याच्याबरोबर उठतात आणि बोट कलंडते. उठायचे असेल, तर एका वेळी एकाने, वाकून आणि काठाला धरून उठावे.

उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली, की एरवी खोल असलेले खडक आणि झाडांची खोडे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात, आणि ओळखीच्या वाटेवरही पंखा आपटतो. गोदावरीच्या पात्रात आणि नांदूरमध्यमेश्वराच्या पाण्यात पाणवेलींचा त्रास वेगळाच आहे. वेली पंख्यात गुंतून इंजिन बंद पडते आणि बोट प्रवाहाबरोबर वाहू लागते. अशा वेळी इंजिन पूर्ण बंद करून किल्ली किंवा दोरी काढून घेतल्याशिवाय पंख्याला हात लावू नये. पावसाळ्यात गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला, की नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले, यावरून पुराचा अंदाज घेतात. पाणी मूर्तीला लागले असताना पात्रात हौसेची बोट असण्याचे काहीच कारण नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत घाटांवर बचावाच्या बोटी वाढतील, तेव्हा त्या बोटींवरच्या स्वयंसेवकांनीही पुढचा भाग मनापासून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

कोणी पाण्यात पडले किंवा बोट उलटली, तर

चालत्या बोटीतून माणूस पडला, की ‘माणूस पडला, डावीकडे’ असे बाजूसह मोठ्याने ओरडावे. चालकाने लगेच इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून, माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवावे; त्यामुळे बोटीचा मागचा भाग, म्हणजे पंखा, त्याच्यापासून दूर जातो. घाबरून उलट दिशेला वळवले, तर पंखा माणसावर येतो. एकाने दुसरे काहीही न करता पडलेल्याकडे हाताने खूण करत राहावे, कारण लाटांमध्ये डोके एकदा नजरेआड झाले, की पुन्हा सापडत नाही. दुसऱ्याने रिंग, रिकामा बंद कॅन, जे तरंगते ते त्याच्याजवळ फेकावे. परत जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळू यावे, जवळ पोचल्यावर इंजिन पूर्ण बंद करावे आणि त्याला बाजूने वर घ्यावे, मागून घेऊ नये. न्यूट्रलमध्येही पंखा थोडा फिरत राहू शकतो.

बोट उलटली, तर ती सोडू नये. उलटलेली बोट बहुधा तरंगत राहते आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा ती कितीतरी आधी दिसते. काठ जवळ भासतो, परंतु पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, आणि पोहत काठ गाठायला निघालेली माणसे अर्ध्यावर दमतात. सगळ्यांनी बोटीला धरून एकमेकांना हाक मारावी आणि डोकी मोजावीत. संख्या कमी भरली, तर उलट्या बोटीखाली हवेच्या पोकळीत कोणी आहे का, ते बोटीवर थापटून आणि आवाज देऊन पाहावे. मदतीची वाट पाहताना गुडघे छातीशी घ्यावेत किंवा एकमेकांना बिलगून राहावे, लहान मुलांना मध्ये घ्यावे. हिवाळ्यात ऊब टिकवण्यासाठी याचा उपयोग होतो. बोट सांडव्याकडे किंवा दरवाज्यांकडे ओढली जात असेल, पेटली असेल किंवा भोवती पेट्रोल पसरले असेल, तरच ती सोडून दूर जावे.

काठावरच्या माणसांनी हे लक्षात ठेवावे, की खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याचे शरीर उभे असते, तोंड पाण्याच्या पातळीला येते आणि जाते, हात बाजूला पाणी दाबत राहतात, आणि ही अवस्था 20 ते 60 सेकंदांत संपते. ओरडणाऱ्या माणसात अजून श्वास शिल्लक असतो. गप्प झालेल्याकडे आधी वळावे. मदत करताना आधी काठी, वल्हे किंवा बांबू पुढे करावा. तेवढ्याने पोचत नसेल, तर दोरी, एकाला एक बांधलेल्या साड्या किंवा पाण्याचा रिकामा, झाकण लावलेला जार फेकावा. त्यानेही जमले नाही, तर दुसरी बोट न्यावी. अंगावर जॅकेट आणि हातात तरंगणारे काही नसताना पाण्यात उडी घेऊ नये. आपल्या भागात एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि त्या वाचताना मला फार त्रास होतो, कारण त्या माणसांचे धैर्य खरे असते. त्यांच्या हातात फक्त साधन नसते.

पाण्याबाहेर काढल्यावर

हा भाग मी सर्वांत सविस्तर लिहितो आहे. गंगापूर धरण शहरापासून फार दूर नाही, तरीही रविवारी संध्याकाळी गंगापूर रस्त्यावरच्या गर्दीतून रुग्णवाहिका पोचेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ मेंदू प्राणवायूशिवाय टिकत नाही. इगतपुरीकडच्या धरणांवर हा वेळ आणखी वाढतो. म्हणजे पहिला श्वास काठावर उभ्या असलेल्या माणसानेच द्यायचा आहे.

बुडालेल्याला कठीण, सपाट जमिनीवर उताणे झोपवावे. उतारावर असाल, तर त्याला काठाला समांतर ठेवावे, म्हणजे डोके वर किंवा खाली राहणार नाही. खांद्याला हलवून हाक मारावी. प्रतिसाद नसेल, तर एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून ‘तुम्ही 108 ला फोन लावा’ असे सांगावे. 112 वरही मदत मिळते. फोन करणाऱ्याने धरणाचे नाव सांगून थांबू नये. गंगापूर धरणाला गंगापूर रस्त्याकडूनही येता येते आणि त्र्यंबक रस्त्याकडूनही, त्यामुळे कोणती बाजू, कोणते गाव, जवळची खूण काय, हे सांगावे आणि एका माणसाला मोटारसायकलवरून फाट्यावर उभे करावे.

आता कपाळावर एक हात ठेवून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर उचलून श्वासमार्ग मोकळा करावा. वेगाच्या बोटीतून फेकला गेलेला, धडकेत सापडलेला किंवा डोक्याला जखम असलेला माणूस असेल, तर मानेची इजा गृहीत धरून डोके न वाकवता दोन्ही हातांनी जबडा पुढे ढकलावा. तरीही हवा जात नसेल, तर हनुवटी उचलावीच, कारण श्वासाविना सांभाळलेल्या मानेचा काही उपयोग नाही. दहा सेकंदांपर्यंत छातीकडे पाहावे आणि श्वास ऐकावा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

श्वास नसेल, तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून, छाती उचलेल इतपत हवा सुमारे एका सेकंदात द्यावी. अमेरिकी मार्गदर्शक सूचना सुरुवातीला दोन आणि युरोपीय सूचना पाच श्वास सांगतात. यातले कोणतेही चालेल, परंतु सुरुवात श्वासाने व्हावी. तान्ह्या बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे. त्यानंतरही प्रतिसाद नसेल, तर छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून, कोपर ताठ करून, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने 30 दाब द्यावेत, मग दोन श्वास, पुन्हा 30 दाब. मुलांमध्ये छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश खोलीपर्यंत दाबावे. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलावा. ‘फक्त छाती दाबा, तोंडाने श्वास नको’ हा संदेश अनेकांनी ऐकलेला असतो, पण तो एकाएकी हृदय बंद पडलेल्या माणसासाठी आहे. बुडालेल्याच्या रक्तात प्राणवायूच उरलेला नसतो, म्हणून त्याला दाबांबरोबर श्वासही हवेतच. ज्याला श्वास देणे खरोखर शक्य नाही, त्याने निदान दाब तरी थांबवू नयेत.

तोंडातून पांढरा किंवा गुलाबी फेस येत राहील. तो पुसण्यात वेळ घालवू नये. फेसावरूनच श्वास द्यावा. उलटी झाली, तर सबंध शरीर एकदम कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे.

पोट दाबणे, पालथे घालून पाठीवर बसणे, मुलाला पाय धरून उलटे टांगणे किंवा गरगर फिरवणे, हे सगळे प्रकार थांबवले पाहिजेत. त्यांनी पोटातले पाणी आणि अन्न वर येऊन श्वासमार्गात शिरते आणि मोलाची मिनिटे जातात. बुडालेल्याला मिठाच्या ढिगात ठेवले, की तो उठतो, असा संदेश मोबाइलवर फिरतो. तो पूर्णपणे खोटा आहे. त्याचप्रमाणे, श्वास बंद असलेल्या माणसाला जीपमध्ये घालून दवाखान्याकडे पळवणे धाडसाचे वाटले, तरी त्या प्रवासात त्याला श्वास मिळत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत तिथेच प्रयत्न चालू ठेवावेत. काठावर हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र असेल, तर छाती कोरडी करून ते लावावे, मात्र त्याची वाट पाहत श्वास देणे लांबवू नये.

श्वास आहे पण शुद्ध नाही, अशा माणसाला कुशीवर ठेवावे, ओले कपडे काढून कोरडी चादर गुंडाळावी आणि श्वासावर सतत नजर ठेवावी.

पंख्याच्या जखमा समांतर, खोल आणि अनेक असतात. रक्त उसळत असेल, तर एकाने श्वास सांभाळावा आणि दुसऱ्याने स्वच्छ कापड जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरावे. हातापायाचे रक्त दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टा काठी पिळून आवळावा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. धरणाचे पाणी स्वच्छ दिसले, तरी अशा जखमेतून जंतुसंसर्ग होतो. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरची सफाई आवश्यक असते.

दवाखान्यात आणि त्यानंतर

नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागलेला, धाप लागलेला, उलटी झालेला किंवा क्षणभर शुद्ध हरपलेला प्रत्येक माणूस, तो आता हसून बोलत असला, तरी दवाखान्यात दाखवला पाहिजे. फुप्फुसातल्या पाण्याचा त्रास काही तासांत वाढू शकतो, म्हणून डॉक्टर त्याला साधारणतः सहा ते आठ तास नजरेखाली ठेवतात आणि रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण तपासत राहतात. ‘लगेच अँटिबायोटिक द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये; संसर्गाची लक्षणे नसताना त्याचा उपयोग नसतो. किती वेळ पाण्याखाली होता, किती वेळाने पहिला श्वास दिला, डोके आपटले का, मद्य घेतले होते का, ही माहिती डॉक्टरांना खरीखरी सांगावी. पाण्याखालचा वेळ पाच मिनिटांच्या आत असेल, तर बरे होण्याची शक्यता चांगली असते; वेळ जितका वाढतो, तितकी मेंदूच्या इजेची भीती वाढते. घरी सोडल्यावर ताप, वाढती धाप, छातीत दुखणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे दिसले, तर त्याच दिवशी परत न्यावे.

अपघात बोटीचा असल्याने दवाखाना पोलिसांना कळवतो. त्याला घाबरून खासगी ओळखीच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊ नये. मृत्यू झाला असेल, तर आकस्मिक मृत्यूची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन हे टप्पे टळत नाहीत, आणि कुटुंबाला पुढे मदत मागायची असेल, तर हेच कागद लागतात. शेतकरी कुटुंबातला मृत्यू असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत पाण्यात बुडून झालेला मृत्यूही धरला जातो आणि 2 लाख रुपयांची मदत मिळते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळेत पोचेल, याची जबाबदारी दुःखात नसलेल्या एखाद्या नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने घ्यावी.

पंचनामा होईपर्यंत बोट, इंजिन, बंद करण्याची दोरी आणि अंगावरून काढलेली जॅकेटे कोणी धुऊ नयेत, दुरुस्त करू नयेत किंवा हलवू नयेत. जॅकेट अंगावर असताना कोणकोणते पट्टे लावलेले होते आणि ते काढताना कळ उघडली की कापावी लागली, हे ज्याने काढले त्याने त्याच दिवशी लिहून ठेवावे.